भरवसा कुणावर ठेवायचा?

नवरात्रात नगरची कितीतरी कुटुंबे केडगावच्या रेणुकादेवीच्या दर्शनाला जातात. देवीकडे कुणी हिशेब मागत नाही. नवस फळला तर आनंद. नाही फळला तर आपलेच काही राहून गेले असेल, अशी मनाची समजूत घालून माणूस पुढच्या वर्षी पुन्हा पायरी चढतो. याला श्रद्धा म्हणतात. पण याच कुटुंबातला मुलगा तालमीत जाऊ लागला म्हणजे गोष्ट वेगळी होते. वस्ताद सांगेल तेवढ्या बैठका, वस्ताद सांगेल तो खुराक आणि वस्ताद म्हणेल तेव्हाच फडातली कुस्ती! घरातले कुणी मध्ये बोलत नाही. मात्र दोन-तीन वर्षे गेली आणि पोराच्या अंगी काहीच दिसेना, तर बाप गाजावाजा न करता दुसरी तालीम बघतो. याला भरवसा म्हणतात. श्रद्धेला हिशेब नसतो. भरवशाला असतो, फक्त तो रोजच्या रोज मागायचा नसतो.

फुटबॉलच्या चाहत्याची सारी फजिती या दोन शब्दांच्या घोटाळ्यात आहे. नवा प्रशिक्षक आला की तो श्रद्धेने सुरुवात करतो आणि लागोपाठ दोन सामने हरले की सावकारासारखा दारात उभा राहतो. हल्ली केडगावात काय आणि गिरगावात काय, सामना घरबसल्या दिसतो. ताटे वाढून झालेली असतात, वडील गोलरक्षकाच्या नावाने बोटे मोडत असतात, चिरंजीव मोबाइलवर गुणतक्ता उघडून बसलेले असतात, आणि स्वयंपाकघरातून आईचा निकाल येतो, “अहो, आधी तो प्रशिक्षक बदला म्हणावं!” आता गंमत अशी, की प्रशिक्षक बदलणे या तिघांच्याही हातात नाही. संघाचे पैसे त्यांचे नाहीत, खेळाडू त्यांनी निवडलेले नाहीत, प्रशिक्षक त्यांनी नेमलेला नाही. त्यांनी गुंतवलेली वस्तू एकच, ती म्हणजे भरवसा. म्हणूनच तो कुणावर, किती आणि किती दिवस ठेवावा, हा प्रश्न वाटतो तितका हलका नाही.

बाजार एकाचा, स्वयंपाक दुसऱ्याचा

संघात दोन खुर्च्या महत्त्वाच्या असतात. एक मैदानाच्या कडेला. तिच्यावर प्रशिक्षक बसतो. खरे म्हणजे बसतच नाही, नव्वद मिनिटे उभाच असतो. आज कोण खेळणार, कुठे खेळणार, कुणाला विश्रांती द्यायची, हे त्याच्या हाती. दुसरी खुर्ची कचेरीत. तिच्यावर बसणाऱ्याला कुठे जनरल मॅनेजर म्हणतात, कुठे स्पोर्टिंग डायरेक्टर; आपल्याकडच्या जुन्या क्लबांत तो नुसता ‘सेक्रेटरी’ असे. आपण त्याला कारभारी म्हणू. कोणते खेळाडू घ्यायचे, कुणाशी किती वर्षांचा करार करायचा, तिजोरीतून किती काढायचे आणि मुख्य म्हणजे प्रशिक्षक कोण असावा, हे कारभारी आणि त्याचे मालक ठरवतात.

थोडक्यात, बाजार कारभारी करतो आणि स्वयंपाक प्रशिक्षक करतो. आमटी बिघडली की आपण स्वयंपाक करणाऱ्याला बोल लावतो. डाळच किडकी आली होती की काय, हे पाहायला कोठीघरात कुणी डोकावत नाही. कारण प्रशिक्षक डोळ्यांना दिसतो, कारभारी दिसत नाही. पराभवानंतर पत्रकारांसमोर मान खाली घालून प्रशिक्षकच बसतो.

कोल्हापूरकरांना हे फारसे समजावून सांगावे लागणार नाही. तिथल्या फुटबॉल संघांची नावेच पाहा : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. कुस्तीच्या तालमींनीच तिथे चेंडू हाती घेतला, किंबहुना पायी घेतला! शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसणारा प्रेक्षक पेठेतला असतो आणि संघाचा कारभार पाहणारेही पेठेतलेच. खेळाडू कुणी निवडला आणि का निवडला, हे विचारायला त्याला लांब जावे लागत नाही. मोठ्या व्यावसायिक संघांच्या चाहत्याला ही सोय नसते. त्याला दुरून, अंदाजानेच भरवसा ठेवावा लागतो. आपल्या देशात अशा भरवशाच्या चार कहाण्या मुंबई आणि गोवा यांच्या आसपास घडून गेल्या आहेत, त्या एकापुढे एक ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस

पहिली कहाणी हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांची. रहीमसाहेब मूळचे शिक्षक. १९४३ सालापासून हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाचे ते प्रशिक्षक झाले, आणि त्याच सुमारास हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरीपदही त्यांच्याकडे आले. म्हणजे बाजारही त्यांचा आणि स्वयंपाकही त्यांचाच. मुंबईच्या जुन्या फुटबॉलशौकिनांच्या घरी पोलिसांच्या या संघाचे नाव निघाल्यावाचून राहत नसे. याचे कारण उघड आहे. कूपरेजच्या मैदानावर होणारा रोव्हर्स करंडक या संघाने १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे जिंकला. मुंबईचा प्रेक्षक आपला संघ सोडून या पाहुण्यांच्या चढाया पाहायला जाई.

भारतीय संघाची सूत्रेही रहीमसाहेबांकडे आली. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत भारताने सुवर्णपदक मिळवले. लगेच पुढच्या वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बहुतेक खेळाडू तिथे अनवाणी खेळत होते. आजच्या काळी असा पराभव झाला असता तर प्रशिक्षकाचे विमान मायदेशी उतरण्यापूर्वीच त्याच्या जागी दुसरा नेमला गेला असता! पण १९५६ साली मेलबर्नला संघाबरोबर रहीमसाहेबच होते. तिथे मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले, भारताने ४-२ असा विजय मिळवला आणि ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत जाणारा आशियातला पहिला देश म्हणून आपले नाव लागले. हेलसिंकीच्या दहा गोलांचे हे उत्तर यायला चार वर्षे लागली.

रहीमसाहेबांची खरी परीक्षा १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई खेळांत झाली. पहिलाच सामना दक्षिण कोरियाविरुद्ध आपण २-० असा हरलो. थायलंडविरुद्धच्या विजयात जर्नेलसिंगचे डोके फुटले, टाके पडले. जर्नेलसिंग हा बचावफळीचा आधारस्तंभ. जखमी माणसाला बाहेर बसवायचे, हा साधा हिशेब. रहीमसाहेबांनी त्याला उपांत्य सामन्यात चक्क सेंटर फॉरवर्ड म्हणून पुढे खेळवले. घरी बसून हे ऐकणाऱ्या कुणालाही तो वेडेपणाच वाटला असता. पण जर्नेलने दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला, आणि ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यात, सारे स्टेडियम भारताच्या विरुद्ध ओरडत असताना, पुन्हा गोल केला. दुसरा गोल पी. के. बॅनर्जींचा. ज्या कोरियाकडून हार खाल्ली होती, त्यालाच २-१ असे हरवून भारताने सुवर्णपदक जिंकले. त्या वेळी रहीमसाहेबांचे शरीर कर्करोगाने पोखरले होते. ११ जून १९६३ रोजी ते गेले.

त्यानंतर काय झाले? १९७० साली बँकॉकला एक कांस्यपदक, आणि आशियाई खेळांतले फुटबॉलचे सुवर्ण त्यानंतर आजवर भारताला मिळालेले नाही. एकाच माणसावर सारा भरवसा टाकला की तो असेतोवर घर भरलेले दिसते. तो गेला की किल्ल्या कुठे ठेवल्या हेही कुणाला ठाऊक नसते. रहीमसाहेबांनी खेळाडू घडवले, पण त्यांच्या मागे त्यांचे काम चालवणारी व्यवस्था घडवणे हे इतरांचे काम होते. ते झाले नाही.

जोडी जमली म्हणजे

म्हणून दोन खुर्च्या वेगळ्या असलेल्या बऱ्या, पण मग त्या दोघांचे जमायला हवे. इंग्लंडमधले एक उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते. ब्रायन क्लफ हा मैदानावरचा माणूस आणि पीटर टेलर हा त्याचा सहकारी, खेळाडू हेरणारा. कोणत्या कोपऱ्यातल्या क्लबात कोण गुणी मुलगा खितपत पडला आहे, हे टेलरला अचूक कळे. दोघांनी मिळून डर्बी काउंटीला १९७२ साली लीग जिंकून दिली. मालकांशी खटका उडाला आणि १९७३ साली दोघेही बाहेर पडले, तेव्हा डर्बीच्या चाहत्यांनी त्यांना परत आणा म्हणून चळवळच उभारली. पुढे क्लफ एकटाच लीड्सला गेला. तिथे तो ४४ दिवस टिकला! टेलर पुन्हा सोबतीला आल्यावर नॉटिंगहॅम फॉरेस्टसारख्या मध्यम संघाने १९७८ साली लीग आणि १९७९ व १९८० अशी दोन वर्षे युरोपचा करंडक जिंकला. टेलर निवृत्त झाल्यावर क्लफच्या हाती लीग किंवा युरोपचा करंडक पुन्हा लागला नाही. स्वयंपाकी तोच होता. बाजार करणारा गेला होता.

अशी जोडी आपल्याकडे गोव्यात जमली. पणजीच्या डेंपो क्लबने २००० साली आर्मांदो कुलासो यांना प्रशिक्षक नेमले. क्लबचे अध्यक्ष श्रीनिवास डेंपो. मालकाने पैसा आणि वेळ द्यायचा, प्रशिक्षकाने संघ बांधायचा, अशी कामाची वाटणी. यात पैसा देणारे पुष्कळ भेटतात, वेळ देणारा क्वचित भेटतो. क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स ही गोव्याची मुले आणि त्यांच्या जोडीला रँटी मार्टिन्स व बेटो हे परदेशी खेळाडू, असा संघ हळूहळू उभा राहिला.

या संघावर एक घोर प्रसंग आला. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरला फेडरेशन करंडकाचा अंतिम सामना मोहन बागानशी होता. डेंपोने तो २-० असा जिंकला. दोन्ही गोल क्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझीलच्या तरुण खेळाडूचे. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली, तो मैदानावर कोसळला आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. करंडक हाती आणि सोबती गेलेला, अशा अवस्थेत तो संघ परतला. एखादा संघ इथे मोडूनच पडला असता. डेंपोने त्याच हंगामात, २००४-०५ साली, राष्ट्रीय लीग जिंकली. ती त्यांची पहिली. त्यानंतर २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. अशी पाच विजेतेपदे एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली.

मधल्या वर्षांत डेंपो हरलाच नाही असे नाही. विजेतेपदांच्या यादीकडे नीट पाहिले तर मध्ये मध्ये रिकामी वर्षे दिसतील. २०११ साली भारतीय संघाची जबाबदारी कुलासो यांच्याकडे आली आणि काही महिन्यांतच संपली. क्लबला तेवढे निमित्त पुरेसे होते. पण क्लबने त्यांना धरून ठेवले, आणि त्याच हंगामात पाचवे विजेतेपद आले. रिकाम्या वर्षी गप्प राहण्याची ही किंमत गोव्याच्या चाहत्याने मोजली, आणि तिचे व्याज त्याला मिळाले.

हे पर्व २०१३ साली संपले. नवे प्रशिक्षक आले, गेले. आणि २०१५ साली डेंपो आय-लीगमधून खाली घसरला. पुढच्या वर्षी डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी त्या लीगचेच दार लावून घेतले. तरीही रहीमसाहेबांच्या कहाणीशी याचा एक फरक आहे. कुलासो यांच्या हाताखाली खेळलेली मुले पुढे स्वतः प्रशिक्षक झाली. डेंपोचा संघ २०२४ साली पुन्हा आय-लीगमध्ये चढला, तेव्हा त्याचा प्रशिक्षक समीर नाईक होता. दुसरा शिष्य क्लिफर्ड मिरांडा. तो तर पुढच्याच कहाणीत भेटणार आहे.

पहिल्या क्रमांकावर असताना निरोप

इंडियन सुपर लीग सुरू झाल्यावर गोव्याच्या चाहत्यांचे मन एफसी गोवा या नव्या संघाकडे वळले. २०१६ साली हा संघ तळाला होता. २०१७ साली स्पेनचे सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक म्हणून आले आणि खेळाचा रंगच पालटला. चेंडू आपल्याकडे ठेवायचा, छोट्या छोट्या पासांनी प्रतिपक्षाला दमवायचे आणि गोलवर गोल करायचे. कोरोमिनास या खेळाडूने लागोपाठ दोन हंगाम लीगमध्ये सर्वांत अधिक गोल केले. पहिल्या वर्षी उपांत्य फेरी, दुसऱ्या वर्षी अंतिम सामना आणि पाठोपाठ २०१९ चा सुपर कप. फातोर्ड्याचे स्टेडियम नारिंगी रंगाने भरून जाऊ लागले.

आणि २०२० सालच्या जानेवारीअखेर बातमी आली, की क्लबने लोबेरा यांच्याशी फारकत घेतली! संघ गुणतक्त्यात पहिला होता. साखळीचे फक्त तीन सामने उरले होते. पहिल्या क्रमांकाला आशियाई चँपियन्स लीगचे दार उघडणार होते, आणि ते दार त्यापूर्वी कुठल्याही भारतीय संघाला उघडलेले नव्हते. आत काय घडले ते कारभाऱ्यांना ठाऊक आणि प्रशिक्षकाला ठाऊक. घरात बसलेल्या चाहत्याला दिसत होता तो नुसता गुणतक्ता. तो चिडला, आणि त्यात नवल काहीच नव्हते. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाचा मास्तर कुणी भर वर्षात बदलतो का?

उरलेल्या सामन्यांसाठी सूत्रे क्लिफर्ड मिरांडाकडे आली, तोच कुलासो यांचा शिष्य. संघाने तिन्ही सामने जिंकले. १९ फेब्रुवारीला जमशेदपूरला ५-० असे हरवून एफसी गोवाने पहिला क्रमांक पक्का केला आणि आशियाई चँपियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय संघ होण्याचा मान मिळवला. मग कारभारी बरोबर होते म्हणायचे? थांबा. त्यानंतर उपांत्य फेरीत चेन्नईयिनकडून संघ हरला.

कहाणी इथेही संपत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात लोबेरा मुंबई सिटीचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या पाठोपाठ जाहू, बुमू, फॉल हे परदेशी खेळाडू आणि गोव्याचा मंदार राव देसाईही मुंबईला आला. करोनाच्या साथीमुळे त्या हंगामाचे सारे सामने गोव्यातच, रिकाम्या स्टेडियमांत झाले. उपांत्य फेरीत समोरासमोर कोण आले? मुंबई आणि गोवा! पहिला सामना २-२, दुसरा गोलशून्य. पेनल्टींवर मुंबईने ६-५ असा निसटता विजय मिळवला. १३ मार्च २०२१ रोजी बिपिन सिंगने अगदी शेवटच्या मिनिटाला गोल करून अंतिम सामनाही मुंबईला जिंकून दिला. साखळीतला पहिला क्रमांक आणि विजेतेपद, दोन्ही एकाच वर्षी मुंबईच्या पदरात पडले. मुंबईकराच्या घरी पेढे आणि मडगावकराच्या घरी पुन्हा तोच प्रश्न, “त्यांना सोडलेच का?”

तरी न्याय दोन्ही बाजूंनी करायला हवा. गोव्याने पुढे हुआन फेरांडो हे प्रशिक्षक आणले. २०२१ सालच्या डिसेंबरात, हंगाम चालू असताना, ते क्लब सोडून कोलकात्याच्या एटीके मोहन बागानकडे गेले. एकदा क्लबने प्रशिक्षक सोडला होता, आता प्रशिक्षकाने क्लब सोडला. भरवसा तुटायला दोन्ही खुर्च्या सारख्याच कारण होऊ शकतात, हे गोव्याच्या चाहत्याने दोन वर्षांत पाहून घेतले. मुंबईतही लोबेरा एक हंगामच राहिले. पण तिथल्या कारभाऱ्यांनी जी घडी बसवली होती ती नव्या प्रशिक्षकांच्या हाताखालीही टिकली. २०२२-२३ साली मुंबई पुन्हा साखळीत पहिली आली आणि २०२४ साली कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून पुन्हा विजेती झाली. चाहत्याने यातून एवढे तरी घ्यावे, की माणूस बदलल्याने सारे बुडतेच असे नाही. बदलणाऱ्याला पुढे काय करायचे आहे हे ठाऊक असले पाहिजे.

कूपरेजवरून आयझॉलला

चौथी कहाणी मुंबईच्या खालिद जमील यांची. मुंबई एफसी हा २००७ साली निघालेला संघ. त्याचा थाट मोठा नव्हता. खालिद २००९ पासून सुमारे सात वर्षे त्याचे प्रशिक्षक होते. या संघाने विजेतेपदे मिळवली नाहीत. लीगमधून खाली न घसरणे हाच त्याचा दर वर्षीचा विजय. अशा कामाला टाळ्या पडत नाहीत. गृहिणीने तुटपुंज्या पगारात महिना निभावून नेला तर त्याबद्दल तिला पदक कुणी देते का?

२०१६ साली संघ आणि खालिद वेगळे झाले. ते मिझोरमला आयझॉल एफसीकडे गेले. हा संघ आदल्या वर्षीच लीगमधून खाली पडला होता. गोव्याच्या क्लबांनी अंग काढून घेतल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेवर त्याला पुन्हा घेण्यात आले होते. मुंबईकडून खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही तिकडे गेले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला १-१ अशी बरोबरी साधून आयझॉलने आय-लीग जिंकली! ईशान्येकडे देशाची लीग त्यापूर्वी कधी गेली नव्हती. आणि मुंबई एफसी? त्याच हंगामात ती तळाला राहिली आणि लीगमधून खाली गेली. सात वर्षे पडू न दिलेली भिंत, टेकू काढताच एका पावसाळ्यात बसली.

इथेही श्रद्धेच्या आहारी जाऊ नये. त्या यशानंतर खालिद कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे गेले. तिथे चौथा क्रमांक आला आणि हंगामाअखेर त्यांना निघावे लागले. तोच माणूस, तीच बुद्धी. घर बदलले, कारभार बदलला, निकालही बदलला. २०२५ सालच्या ऑगस्टमध्ये ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. पहिल्याच स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून संघ तिसरा आला, तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. पुढच्याच महिन्यात, १४ ऑक्टोबरला, मडगावात सिंगापूरकडून २-१ अशी हार झाली आणि २०२७ च्या आशियाई चषकाचा रस्ता बंद झाला. ज्यांनी डोक्यावर घेतले होते त्यांच्यापैकीच काहींनी लगेच खाली आपटले. पण त्या पात्रता फेरीतले पहिले दोन सामने दुसऱ्या प्रशिक्षकाच्या काळात झाले होते, हे किती जणांनी लक्षात घेतले?

हिशेब कसा मागावा

या चारही कहाण्यांत चाहत्याला कुणी विचारले नाही, आणि पुढेही विचारणार नाही. म्हणून त्याने मुकाट्याने टाळ्याच वाजवाव्यात असे मात्र मुळीच नाही. त्याने हिशेब मागावा, फक्त तो शहाण्या बापाने तालमीत मागावा तसा मागावा.

पहिली गोष्ट, हिशेब हंगामाचा असावा, रविवारच्या सामन्याचा नसावा. दहा गोल खाऊन परतलेल्या संघाला उपांत्य फेरीत पोचायला चार वर्षे लागली होती. दुसरी गोष्ट, आमटी बिघडली तर डाळ पाहावी. प्रशिक्षकाला नावे ठेवण्यापूर्वी त्याच्या हाती कोणते खेळाडू दिले होते, कोणते विकले, जखमी झालेल्यांच्या जागी कुणाला आणले, हे विचारावे. तिसरी गोष्ट, पोरांकडे बघावे. प्रशिक्षक आल्यापासून गावची, जिल्ह्याची, राज्याची किती मुले संघात आली आणि दोन वर्षांनी ती पूर्वीपेक्षा बरी खेळतात काय? करंडक कपाटात राहतो. घडवलेला मुलगा पुढे दहा मुले घडवतो. समीर नाईक आणि क्लिफर्ड मिरांडा हे कुलासो यांच्या पाच करंडकांहून कमी मोलाचे नाहीत. आणि चौथी गोष्ट, कारभाऱ्याला कारण विचारावे. प्रशिक्षक बदलण्याचा अधिकार त्याचा आहे, पण तिकीट काढून येणाऱ्या माणसाला दोन शब्दांत खरे कारण सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे. कारण कळले तर माणूस राग गिळतो. कारण लपवले तर तो स्वतःच चार कारणे रचतो, आणि ती नेहमी खऱ्याहून वाईट असतात.

हे चार प्रश्न विचारून समाधान झाले नाही तर खुशाल दुसरी तालीम बघावी. पण समाधान झाले, तर मग दोन-चार पराभवांत पाय रोवून उभे राहावे. जिंकणाऱ्या संघामागे उभे राहायला माणसे लागत नाहीत, ती आपोआप येतात. रिकाम्या वर्षी जो पायऱ्यांवर बसतो, त्याच्याच जिवावर प्रशिक्षकाला पुढच्या वर्षीचा संघ बांधता येतो.

नवा हंगाम येईल तेव्हा घरोघरी पुन्हा सामने रंगतील, आणि पहिल्या पराभवानंतर स्वयंपाकघरातून तो निकालही येईल. त्या वेळी चिरंजीवांनी गुणतक्ता जरा बाजूला ठेवावा आणि आईला एवढेच विचारावे, “आई, प्रशिक्षक बदलू, पण बाजार कुणी केला होता ते आधी बघूया का?” तिला हा प्रश्न घरात सर्वांच्या आधी कळेल. रोज दुसऱ्याने आणलेल्या भाजीवर स्वयंपाकाची परीक्षा तीच तर देत आली आहे!